नावांची आडत

ब्रँडेबल डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा असा पत्ता, ज्याच्या नावाला स्वतःचा काहीही अर्थ नसतो, पण एखाद्या कंपनीच्या पाटीवर ते शोभून दिसेल असा संशय येतो. या संशयावरच हा सगळा व्यवसाय उभा आहे. विक्रेता असे नाव वर्षाला हजार-बाराशे रुपये भरून स्वतःकडे ठेवतो, ऑनलाइन बाजारपेठेत त्यावर दीड-दोन लाखांची चिठ्ठी लावतो आणि वाट पाहत बसतो. वाट पाहणे हे यातले मुख्य काम. बाकीचे फावल्या वेळात उरकते. दुकान लागत नाही, गोदाम लागत नाही, त्यामुळे हा धंदा कुठूनही करता येतो. दोंडाईच्यातूनही करता येतो. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले हे गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे आणि मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले आहे. नावांच्या बाजारासाठी अद्याप नावाजलेले नाही.

संगणकाला मुळात नाव लागत नाही, आकडा पुरतो. नावे लागतात ती माणसांना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने आकड्यांना नावे जोडून देणारी व्यवस्था आखली आणि १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. पुढची दहा वर्षे ही नावे फुकट होती. त्या काळात दोंडाईच्यात ट्रंक कॉल लावून माणसे तासन् तास बसून राहत. डॉट कॉम मागायला कुठे जायचे हे सांगणारे कोणी नव्हते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर फी सुरू झाली आणि फुकट असताना ज्यांना ते नको होते, त्यांनाही ते एकदम हवेसे झाले. १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम ७५ लाख डॉलरला विकले गेले, २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला. नव्या विक्रेत्याला हे दोन आकडे तोंडपाठ असतात. ही दोन्ही नावे म्हणजे इंग्रजीतले रोजच्या वापरातले शब्द आहेत आणि आपल्याजवळचे नाव तसे नाही, ही गोष्ट ध्यानात यायला मात्र दोन-तीन नूतनीकरणे जावी लागतात.

अर्थ असलेले शब्द केव्हाच संपले. तीन रोमन अक्षरांची १७,५७६ आणि चार अक्षरांची ४,५६,९७६ डॉट कॉम नावे होऊ शकतात; ती सगळी कोणी ना कोणी घेऊन ठेवली, मग त्यांचा उच्चार होवो न होवो. पाच अक्षरांची संख्या १ कोटी १८ लाखांच्या वर जाते, पण त्यातली बहुतेक उच्चारायला गेले तर समोरचा पाणी आणून देतो. उरलेल्यांतून जी तोंडात बसतात, कानाला बरी लागतात आणि कोणाच्या मालकीची नसतात, ती शोधणे म्हणजे ब्रँडेबल नावांचा उद्योग.

निरर्थक नाव विकण्याची कल्पना इंटरनेटने आणली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक हे नाव नोंदवले, तेव्हा त्यांना त्यातले ‘के’ हे अक्षर फार आवडत होते, याहून मोठे कारण नव्हते. महाराष्ट्रात दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा कारखाना काढला. पुढे ‘कॅमल इंक’मधले उंट आणि शाई एकमेकांत कालवून कॅमलिन तयार झाले. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. पण या शास्त्रातला सर्वांत यशस्वी नमुना खानदेशातच सापडतो. दोंडाईच्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की शिंदखेडा, नरडाणा जाऊन पुढे अमळनेर लागते. तिथे २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी काढली. सनफ्लॉवर छापाचे वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा धुण्याचा साबण, असा तिचा माल. एवढे लांबलचक नाव बोलणे जिवावर येण्याजोगे होते. १९७७ मध्ये कंपनीचे नाव विप्रो प्रॉडक्ट्स झाले आणि १९८२ मध्ये नुसते विप्रो. पाच रोमन अक्षरे, दोन ठोके, शेवटी ‘ओ’. आजच्या बाजारपेठेच्या परीक्षकाने ते नाव पहिल्या फटक्यात मंजूर केले असते. ज्या अमळनेरकरांनी त्या कंपनीचे शेअर घेऊन पेटीच्या तळाशी टाकले, त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या, ही कथा खानदेशात घरोघर सांगितली जाते. दोंडाईच्याचा विक्रेताही ती सांगतो. फक्त तो शेअरच्या जागी नाव हा शब्द घालतो आणि तूप-साबणाचा भाग गाळतो.

नाव तयार करण्याचे तांत्रिक नियम थोडे आहेत. रोमन अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी येता कामा नये. लांबी जास्तीत जास्त ६३ अक्षरे. त्रेसष्ट अक्षरांत खानदेशातल्या एखाद्या सोयरिकीची सगळी माहिती मावेल, पण ब्रँडेबल नाव आठाच्या आत असावे लागते. व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशी चाल ठेवावी. शेवट ‘ओ’, ‘आ’ किंवा ‘ली’ असा मोकळा ठेवला की नाव इटलीहून आल्यासारखे वाटते. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने २००४ मध्ये शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ खाल्ला, तेव्हापासून स्वर खाण्याचीही प्रथा पडली आणि काही वर्षे सबंध अमेरिका शुद्धलेखनात नापास झाल्यासारखी दिसत होती.

खानदेशी विक्रेत्यासमोर इथे एक जन्मजात अडचण उभी राहते. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. धुळे, जळगाव, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, पारोळा: अर्धा खानदेश एका अक्षरापायी बाद होतो. कळण्याची भाकरी बाद, कळणाही बाद. दोंडाईच्यात ‘ळ’ नाही, पण तिथे ‘द’ आणि ‘ड’ शेजारी-शेजारी येतात आणि इंग्रजीत दोघांना एकच ‘डी’ मिळतो; मदतकेंद्रातला परप्रांतीय मुलगा हे नाव दर वेळी नव्या पद्धतीने उच्चारतो आणि एकदाही खरे उच्चारत नाही. तरीही स्थानिक शब्दभांडारातून काही माल निघतोच. मांडे हे ‘मांडेलो’ केले की फर्निचरची कंपनी वाटते. भरीत थोडे लांबवून ‘भरीटो’ केले की मेक्सिकोत खपेल. बिबड्या या पापडांचे ‘बिबडिया’ होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काहीच करावे लागत नाही. रोमन अक्षरांत लिहिले की ती मुळातच जपानी दिसते. कानबाई देवीच्या नावाला हात लावायचा नाही, असा घरातून आधीच दम मिळालेला असतो.

तयार नावाच्या परीक्षा ठरलेल्या आहेत. पहिली आणि सर्वांत कठोर ती रेडिओची: नाव एकदाच ऐकून माणसाला ते न चुकता लिहिता आले पाहिजे. यासाठी परदेशात पैसे देऊन माणसांचे गट बसवतात. दोंडाईच्यात ही परीक्षा सुरतेला उधन्यात राहणाऱ्या मामेभावावर घेतली जाते. त्याच्या मागे यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो, म्हणजे परीक्षा मूळ पद्धतीपेक्षा कडकच म्हणायची. फोनवर नाव एकदाच उच्चारायचे, त्याने ते मेसेजने पाठवायचे. ‘मांडेलो’ गेले की ‘मंडे लो’ येते. ‘बिबडिया’ गेले की ‘बीबी दिया’ येते आणि पाठोपाठ घरी सगळे ठीक आहे ना, अशी विचारणाही येते. दुसरी परीक्षा परभाषांची. स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन या भाषांत आपले नाव शिवी ठरत नाही ना, हे पाहावे. अहिराणीतही पाहावे, तिथे धोका जास्त असतो. तिसरी परीक्षा ट्रेडमार्कची. ती कंटाळवाणी असल्याने नवशिके ती टाळतात आणि त्यांची गाठ पुढे वकिलांशी पडते.

नाव मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. कोणाच्याही डोक्यात न आलेले नाव थेट नोंदवावे, किंवा कोणीतरी सोडून दिलेले उचलावे. दुसऱ्या मार्गाला रात्र लागते. मुदत संपलेली डॉट कॉम नावे अमेरिकेतल्या दुपारी दोनच्या सुमारास मोकळी होऊ लागतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. त्या वेळी गावात स्टेशनाकडचा भाग सोडला तर सगळे निजलेले असते. मोठ्या कंपन्यांची यंत्रे चांगले नाव सेकंदाच्या अंशात पकडतात. माणसाच्या बोटाला जे मिळते, ते यंत्रांनी नाकारलेले असते. अपवाद क्वचित घडतात. २०१५ च्या सप्टेंबरात मूळ कच्छच्या एका तरुणाला अमेरिकेत चक्क गूगल डॉट कॉम १२ डॉलरला विकत मिळाले आणि मिनिटभर ते त्याच्याकडे राहिले. गूगलने व्यवहार रद्द करून त्याला ६,००६ डॉलर १३ सेंट दिले. हा आकडा नीट पाहिला तर त्यात गूगलचेच इंग्रजी स्पेलिंग दिसते. त्याने रक्कम दानाला दिली, तेव्हा कंपनीने ती दुप्पट केली. कच्छचा माणूस करू शकतो तर आपण का नाही, या विचाराने खानदेशात किती रात्री जागवल्या गेल्या असतील ते सांगता येणार नाही.

आता बाजारपेठ. ब्रँडेबल नावांसाठी वेगळ्या बाजारपेठा निघाल्या, त्यांतली ब्रँडबकेट २००७ ची. स्क्वॉडहेल्प २०११ ची. हजारो उद्योगांना नावे पुरवल्यावर २०२४ मध्ये तिने स्वतःचेच नाव बदलून ॲटम ठेवले. त्या निर्णयावर विक्रेतेमंडळींत बरीच चर्चा झाली असणार, कारण त्यांतल्या प्रत्येकाकडे त्या जागी सुचवण्याजोगी पन्नास-शंभर नावे शिल्लक होती. अशा बाजारपेठेत सगळाच माल घेत नाहीत. आधी नाव सादर करावे लागते, परीक्षक ते पाहतात आणि बहुतेक वेळा नाकारतात. नकाराचे कारण एका ओळीचे असते: उच्चार अवघड, स्पेलिंग संदिग्ध, मागणी कमी. ‘बिबडिया’वर कोणा परक्या परीक्षकाने उच्चार अवघड असा शेरा मारल्यावर विक्रेत्याच्या मनात काय येते, ते पाठ्यपुस्तकात लिहिण्यासारखे नाही.

मंजूर झालेल्या नावाचा लोगो काढला जातो. चित्रकार नाव वाचतो, त्याचा मूळ अर्थ त्याला माहीत नसतो आणि तो मोकळ्या मनाने कामाला लागतो. ‘आखाजी’ला तो उगवत्या सूर्यासमोर वाकलेला बांबू देतो. ‘मांडेलो’ला निळी लाट. त्याखाली चार ओळींचे वर्णन येते: हे नाव आधुनिक, विश्वासार्ह, गतिमान असून आरोग्य, वित्त, शिक्षण, प्रवास आणि पाळीव प्राणी या क्षेत्रांतील उद्योगांना साजेसे आहे. हेच वर्णन शेजारच्या नावालाही असते. घरी हे पान दाखवले की मंडळी लाट न्याहाळतात, वर्णन ऐकतात आणि कोणत्या नदीची लाट म्हणून विचारतात. मांडे तापीवर भाजत नाहीत, असेही एखादी काकू सांगते.

किंमत विक्रेता आणि बाजारपेठ मिळून ठरवतात. ती २,४८८ किंवा १,८९५ डॉलर अशी अडनिड्या आकड्यांत असते, म्हणजे फार विचार करून ठरवली असे वाटते. विक्री झाली की बाजारपेठ तीस टक्के किंवा त्याहून जास्त दलाली कापते. शिवाय बहुतेक ठिकाणी करार असा, की तेच नाव दुसरीकडे विकायला ठेवता येत नाही. दोंडाईच्याच्या माणसाला आडत समजावून सांगावी लागत नाही. शेतकऱ्याचा माल, आडत्याचा गाळा, व्यापाऱ्याची बोली, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. फळे-भाजीपाल्याची आडत राज्य सरकारने २०१६ मध्ये शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. नावांच्या बाजारात ती अजून माल पिकवणाऱ्याकडूनच घेतात, आणि याविरुद्ध एकही मोर्चा निघालेला नाही.

मिरचीच्या बाजाराशी नावांच्या बाजाराची तुलना इथे अटळ आहे. हंगामात गावाबाहेर ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, बाया ओळीने बसून देठ खुडतात, वाऱ्याची दिशा बदलली की रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याला ठसका लागतो. या बाजारात खोटे चालत नाही. मालाचा तिखटपणा मालच सांगतो. नाव ठसका आणत नाही. ते वाळत नाही, कुजत नाही, त्याला हमाली लागत नाही, पावसाची भीती नाही. इतके सगळे गुण असलेला माल विकला का जात नाही, हा प्रश्न जुन्या मिरची व्यापाऱ्यालाच नेमका पडतो. ज्याची हयात आडतीत गेली असे एखादे आबा प्रत्येक विक्रेत्याच्या घरी असतात, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ते चौकशी करतात.

“नाव इकस? कोनं नाव?”

“कोनंच नही, आबा.”

“त्यानं वजन कितलं?”

“वजन नही.”

“मंग तोलाई कशी लागी? आनि इकायनं नही ते?”

“तरी बी दरवरीसले पैसा भरना पडतस.”

आबा थोडा वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहतात. “मिरची इकायनी नही ते घरनी भाजीमा तरी पडस,” एवढे बोलून ते विषय संपवतात. डोमेनव्यवसायावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही त्यातला मूळ दोष इतक्या थोडक्यात मांडता आलेला नाही.

आबांचे म्हणणे आकड्यांतही खरे ठरते. धंद्यातले अनुभवी लोक ढोबळमानाने सांगतात, की शंभर नावे ठेवली तर वर्षाला त्यांतली एक-दोन विकली जातात. शंभर नावांचे नूतनीकरण सुमारे लाखभर रुपये. एक नाव २,००० डॉलरला गेले आणि तीस टक्के दलाली कापली, तर हाती १,४०० डॉलर येतात. डॉलर पंच्याऐंशीचा धरला तर १ लाख १९ हजार. वर्षभराची कमाई १९ हजार. त्यातून बँकेचे शुल्क, रात्रीच्या चहाचा खर्च आणि उधन्याचे फोन वजा जातात. ज्या वर्षी दोन नावे जातात, त्या वर्षी विक्रेता स्वतःला दूरदृष्टीचा समजतो. ज्या वर्षी एकही जात नाही, त्या वर्षी तो आणखी पन्नास नावे घेतो, कारण शंभर कमी पडली असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो.

मधल्या काळात चौकशा येतात. त्यांतली ठरावीक म्हणजे पन्नास डॉलरची. २,४८८ चे नाव कोणी पन्नासला मागितले तर अपमान वाटून घेऊ नये, असे जाणकार सांगतात. तरी तो वाटतोच. विद्यार्थी असल्याचे, प्रकल्प धर्मादाय असल्याचे, आपल्या दिवंगत मांजरीचे नाव नेमके हेच असल्याचे लिहून लोक किंमत उतरवू पाहतात. खरा खरेदीदार यातले काहीच लिहीत नाही. तो एका रात्री येतो, चिठ्ठीवरची पूर्ण रक्कम भरतो आणि नाव घेऊन जातो. कशासाठी घेतले हेही सांगत नाही.

कायद्याची बाजू थोडी सांभाळावी लागते. अर्थहीन नाव तयार करून विकणे हा व्यापार. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावासारखे नाव आधी घेऊन त्याच्याकडूनच पैसे मागणे ही अडवणूक. दोन्हींतले अंतर कधीकधी एका अक्षराचे असते. १९९९ मध्ये रेडिफ कंपनीने रॅडिफ अशा नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने सांगितले, की डोमेन हा नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ नावाच्या खटल्यात, एक ‘एफ’ जास्त घालून धंदा करू पाहणाऱ्या प्रतिपक्षाविरुद्ध हेच तत्त्व पक्के केले. जगभरासाठी १९९९ पासून वेगळी लवादपद्धतीही आहे. तरी मोह सुटत नाही. दोन कंपन्या एकत्र येणार या अंदाजाने दिल्लीच्या एका तरुणाने जिओहॉटस्टार डॉट कॉम आधीच घेऊन ठेवले आणि २०२४ मध्ये त्याच्या बदल्यात केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. मुलांचा चांगुलपणा बाजारभाव कसा पाडतो, याचे हे उदाहरण व्यापारशास्त्राच्या वर्गात शिकवण्यासारखे आहे.

विक्री ठरल्यावर हस्तांतर होते. पैसे आधी त्रयस्थाकडे जमा होतात. मग विक्रेता ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याची किल्ली, देतो. अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची ती एक वेडीवाकडी माळ असते. महिनोन् महिने घासून-पुसून गोंडस केलेल्या नावाच्या बदल्यात प्रत्यक्ष पाठवले जाते ते हे. नाव नुकतेच नोंदवले असेल तर साठ दिवस ते नोंदणी करणाऱ्या एका कंपनीकडून दुसरीकडे हलवता येत नाही. घाईचा ग्राहक त्या साठ दिवसांत विचार बदलू शकतो आणि विक्रेता त्या काळात नवस बोलतो.

पैसे परदेशातून खात्यात आले की बँक विचारते कशाचे. प्रत्येक परकीय रकमेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक हेतू-संकेतांक द्यावा लागतो. काउंटरमागचे साहेब यादीवर बोट फिरवत विचारतात, “माल काय पाठवला?” माल पाठवला नाही, असे सांगितले की त्यांचे बोट थांबते. “सेवा दिली?” तसेही नेमके म्हणता येत नाही. “मग विकलं काय?” एक शब्द, असे उत्तर दिल्यावर साहेब चष्मा काढून पुसतात. शब्दाचा अर्थ विचारतात. अर्थ नाही, हे ऐकल्यावर शेजारच्या काउंटरवरच्या बाईही आपले काम थांबवतात. शेवटी सॉफ्टवेअर किंवा इतर सेवा अशा कुठल्याशा खान्यात ती रक्कम बसते आणि रांगेतले शेतकरी पुढे सरकतात. लग्नाच्या बायोडाट्यातही हाच प्रश्न येतो आणि तिथेही हेच उत्तर वापरतात: स्वतःचा व्यवसाय, आयटी.

देवनागरी नावांचा उल्लेख केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ ही सोय आली आणि संपूर्ण पत्ता मराठीत लिहिता येऊ लागला. ‘ळ’चा प्रश्न एका दिवसात मिटला, धुळे आणि जळगाव पुन्हा हिशेबात आले. पण यंत्राला आतून अजून रोमनच लागते, म्हणून भारत हा शब्द पडद्यामागे एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी असा साठवला जातो. काही ठिकाणी पडदा सरकतो आणि ग्राहकाला तेच रूप दिसते. त्याला वाटते, कोणीतरी फसवते आहे. उच्चारायला सुरेख, लिहायला बिनचूक, अर्थाने भरलेली मराठी नावे इथे अजून मुबलक मोकळी आहेत. ती मोकळी आहेत याचे कारण ती विकत घ्यायला कोणी येत नाही, हे होय. दुसऱ्यांचे नशीब निराळे. अँग्विला या कॅरिबियन बेटाला ‘डॉट एआय’ हा शेपटीचा तुकडा देशोदेशीच्या संकेतांकांच्या यादीतून मिळाला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आल्यावर बेटाच्या तिजोरीत त्याचे कोट्यवधी डॉलर येऊ लागले. तुवालूला ‘डॉट टीव्ही’ने असाच हात दिला. धुळे जिल्ह्याला शेपूट मिळालेले नाही.

न विकलेल्या नावाचा शेवट नियमाने होतो. मुदत संपल्यावर काही आठवडे ते नेहमीच्या दरात परत घेता येते. मग तीस दिवस ते जबर दंड भरूनच मिळते. त्यापुढचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या दुपारी ते सगळ्या जगाला मोकळे होते. अनुभवी विक्रेता दर दिवाळीला यादी काढून पंधरा-वीस नावांवर काट मारतो. कोणती मारायची याचा निर्णय आकड्यांवरून करावा, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात ज्याचा लोगो चांगला आला आहे ते नाव वाचते. कधीकधी असे सोडलेले नाव दुसरा कोणी त्याच आठवड्यात उचलतो, त्याला नवा लोगो काढून घेतो आणि त्याच बाजारपेठेत आधीच्या दुप्पट किमतीला लावतो. पहिल्या विक्रेत्याला ते नाव एकदम फार चांगले वाटू लागते. पूर्ण किंमत मोजण्याइतके अर्थातच नाही. तो नव्या मालकाला पन्नास डॉलरची ऑफर पाठवतो.